एका लॅपटॉपात दोन चुली: डब्ल्यूएसएल २ चे नऊ महिने

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून कंपनीने आमचे लॅपटॉप बदलले. नवा आला तो विंडोज ११ चा. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. माझं काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं, सर्व्हर सगळे लिनक्सवर, आणि जुन्या लॅपटॉपवर मी सरळ उबंटू हे लिनक्सच टाकून घेतलं होतं. या वेळी आयटीवाल्यांनी आधीच सांगून टाकलं, विंडोज काढायचं नाही. मग काय, डब्ल्यूएसएल, म्हणजे 'विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स'. विंडोजच्या पोटात लिनक्स.

नऊ महिने रोज आठ-नऊ तास वापरून झालंय. आवडलं का, तर हो. त्रास झाला का, तर पहिले दोन महिने भरपूर. आणि मागे वळून बघितलं तर त्यातला बहुतेक त्रास एकाच जातीचा होता. एका घरात दोन चुली मांडल्या की मीठ कुठल्या चुलीपाशी आहे, सिलिंडर कुणाचा, हे विचारून घ्यावं लागतं. मी ते विचारत नव्हतो.

पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. प्रोजेक्टच्या कोडची प्रत गिटमधून उतरवली (क्लोन केला) ती सवयीने सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्समध्ये. उबंटूतून तो '/एमएनटी/सी' खाली दिसतोच, मग हरकत काय? प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवणाऱ्या एनपीएम इन्स्टॉलला साडेसहा मिनिटं. काय बदललं ते सांगणारं गिट स्टेटस म्हटलं की अकरा सेकंद गप्प. फाइल सेव्ह केली तरी सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होईना, दर वेळी हाताने बंद करून चालू करायचा. मी अँटिव्हायरसला शिव्या घालत होतो. शेवटी माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेली टीममधली मुलगी मागे येऊन उभी राहिली, टर्मिनलमधला पाथ वाचला आणि म्हणाली, "अरे, तू सी ड्राइव्हवर काय करतोयस?"

भानगड अशी आहे. २०१६ साली आलेलं पहिलं डब्ल्यूएसएल हा एक दुभाषी होता. लिनक्सचे सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेल्या मागण्या, विंडोजच्या भाषेत करून द्यायचा. मे २०२० मध्ये विंडोज १० च्या '२००४' नावाच्या आवृत्तीबरोबर आलेल्या डब्ल्यूएसएल २ मध्ये खराखुरा लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) आहे, एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्यामुळे लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर काम झपाट्याने होतं. पण सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल भिंतीतल्या खिडकीतून मागवावी लागते. त्या खिडकीचं नाव ९पी. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीममधून आलेला प्रोटोकॉल आहे तो. एक मोठी फाइल मागवली तर कळतही नाही, पण एनपीएमची पॅकेजेस राहतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमधल्या चाळीस हजार चिटुकल्या फाइली एकेक करून मागवल्या की वेळ लागणारच. आणि विंडोजच्या बाजूला फाइल बदलली याची वर्दी या खिडकीतून येत नाही, म्हणून आपोआप रीस्टार्ट बंद.

प्रोजेक्ट उबंटूच्या होम फोल्डरमध्ये पुन्हा क्लोन केला. इन्स्टॉल पन्नास सेकंदांत. व्हीएस कोड या एडिटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 'डब्ल्यूएसएल: उबंटू' अशी पट्टी दिसते का, हे मी आता काम सुरू करताना आधी बघतो. ती दिसत नसेल तर एडिटर विंडोजच्या बाजूने बोलतोय.

दुसरा मोठा झटका ओळीच्या शेवटाने दिला. डॉकरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या सामानासकट बांधलेला डबा, सुरू होताच बंद पडायचा, तक्रार एकच: 'एंट्रीपॉइंट डॉट एसएच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल समोर दिसतेय. एलएस केलं तरी दिसतेय. परवानग्या बरोबर. पाथ तीनदा तपासला, इमेज दोनदा नव्याने बांधली. दुपारचं जेवण त्यात गेलं. मग 'कॅट -ए' देऊन फाइल उघडली तर प्रत्येक ओळीच्या शेपटीला '^एम$' लोंबत होतं.

ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन इंग्रजी तीस, मराठी तीस केलंय त्यांना हे एका मिनिटात कळेल. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी व्हायच्या. दांडा ढकलून गाडी सुरुवातीला न्यायची, आणि रोलर फिरून कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोज अजून या दोन्ही खुणा लिहितं, लिनक्स फक्त दुसरी. जास्तीची पहिली खूण लिनक्सला अक्षरच वाटते. मग पहिल्या ओळीत 'बॅश'ऐवजी 'बॅश आणि पुढे एक न दिसणारं अक्षर' अशा नावाचा प्रोग्राम तो शोधत बसतो. तो कुठून सापडणार? म्हणजे 'फाइल नाही' ही तक्रार माझ्या फाइलबद्दल नव्हतीच, ती चालवणाऱ्याबद्दल होती.

हे माझ्याच हाताने झालेलं. विंडोजवरच्या गिटमध्ये ऑटोसीआरएलएफ (ओळीच्या शेवटी विंडोजच्या दोन्ही खुणा घालणारं सेटिंग) चालू ठेवून क्लोन केलेला फोल्डर मी एक्सप्लोररमधून उचलून उबंटूत टाकला होता. तेवढीच फाइल सुधारायची तर 'सेड' ही कमांड पुरते, पण कायमचा उपाय रेपोच्या (कोडच्या गिट-साठ्याच्या) मुळाशी गिटअॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवणं. त्यात शेल स्क्रिप्टना 'ईओएल=एलएफ', म्हणजे ओळीच्या शेवटी फक्त लिनक्सची खूण, असं बांधून टाकलं की कुणाच्या मशीनवर काय सेटिंग आहे याची फिकीर नाही. आमच्याकडे आता सगळ्या रेपोंत ती आहे. फक्त ती घातल्यावर 'गिट अॅड --रीनॉर्मलाइझ' एकदा करावं लागतं, आणि तो कमिट वेगळा ठेवावा, नाहीतर रिव्ह्यू करणारा हजार बदललेल्या ओळी बघून तुम्हाला फोन करेल. मला आला होता.

मेमरीबद्दल खूप ऐकलं होतं, तेही अनुभवलं. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएमएमईएम डब्ल्यूएसएल' नावाची प्रोसेस आठ जीबीवर जाऊन बसायची आणि उबंटूत काही चालू नसतानाही खाली येत नसे. डब्ल्यूएसएल डिफॉल्टने मशीनच्या अर्ध्या रॅमपर्यंत जातं, आणि लिनक्स मोकळी मेमरी रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फाइली तिच्यात साठवून ठेवतं. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणच आहे. शेजारी क्रोम उपाशी आहे हे त्याला माहीत नाही. उपाय म्हणजे विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' ही फाइल ठेवून मर्यादा घालायची. मी सहा जीबीची घातली. काही फरक पडेना. तीन दिवस मी लोकांना सांगत होतो की हे सेटिंग चालतच नाही. चौथ्या दिवशी एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला लावली, तेव्हा फाइलचं खरं नाव दिसलं. नोटपॅडने शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलं होतं.

नाव सुधारलं, 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' केलं (नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून भागत नाही, आतलं मशीन पूर्ण थांबावं लागतं), आणि मर्यादा लागू झाली. दुसऱ्याच दिवशी बिल्ड मधेच मरायला लागला, एक्झिट कोड १३७. हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे: १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला नववा सिग्नल देऊन ठार केलंय. कर्नलच्या नोंदी दाखवणारं 'डीमेसेज' बघितलं तर 'आउट ऑफ मेमरी' लिहिलेलंच. आता सात जीबी आहे, शिवाय ऑटोमेमरीरिक्लेम चालू केलंय, ते साठवलेली मेमरी हळूहळू विंडोजला परत देतं. सुवर्णमध्य म्हणवत नाही, पण मीटिंग चालू असताना बिल्ड लावला तर आवाज तुटत नाही एवढं खरं.

घड्याळाचा घोळ मात्र मला मनापासून आवडला, कारण तो सापडायला इतका वेळ लागला. संध्याकाळी हिंजवडीतून निघताना लॅपटॉप चालू ठेवूनच झाकण लावायचो. घरी रात्री उघडला की आमच्याच एपीआयवर (प्रोग्रामनी बोलायच्या सेवेवर) लॉगिन होईना. टोकन, म्हणजे लॉगिनचा ठरावीक वेळेपुरता पास, येतं, आणि तपासणारा कोड म्हणतो, हे टोकन अजून लागूच झालेलं नाही. सकाळी ऑफिसात नवीन सुरुवात केली की सगळं ठीक. असं चार-पाचदा झालं, मी टोकनचा कोड उलटापालटा केला, ज्याने लिहिला त्याच्याशी वाद घातला. एका रात्री उबंटूची पॅकेजेसची यादी ताजी करायला 'एपीटी अपडेट' केलं तर त्यानेही तेच रडगाणं लावलं, रिलीजची फाइल म्हणे अजून वैध नाही, इतक्या तासांनी होईल. तेव्हा ट्यूब पेटली. उबंटूत 'डेट' दिलं: सहा वाजून दहा मिनिटं. खाली विंडोजच्या कोपऱ्यात: नऊ वीस. लॅपटॉप झोपला तेव्हा आतल्या मशीनचं घड्याळही झोपलं, आणि उठल्यावर त्याला कुणी वेळ सांगितली नाही. 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस' दिलं की एका सेकंदात जुळतं. ज्याच्याशी वाद घातला त्याला दुसऱ्या दिवशी चहा पाजला.

पोस्टग्रेस या डेटाबेसची गंमत याच घरातली. टेबलं बनवणारं मायग्रेशन उबंटूतून चालवलं, यशस्वी. डेटाबेस बघायचं पीजीअॅडमिन उघडलं, एकही टेबल नाही. पुन्हा मायग्रेशन: 'करण्यासारखं काही नाही'. कारण कधीतरी मी विंडोजवरही पोस्टग्रेस टाकलं होतं आणि विसरलो होतो. दोघंही आपापल्या बाजूच्या लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यावर) ५४३२ हा पोर्ट धरून बसलेले. हे उघड झालं तेही अपघातानेच. कंपनीच्या व्हीपीएनवर गेलं की उबंटूत सर्व्हरच्या नावांवरून पत्ते सापडत नव्हते, 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. त्यावर मी नेटवर्किंग मोड 'मिरर्ड' केला, जो विंडोज ११ च्या २२एच२ पासून मिळतो. व्हीपीएनचं दुखणं गेलं, पण या मोडमध्ये दोन्ही बाजूंचे पोर्ट सामाईक होतात. उबंटूतलं पोस्टग्रेस म्हणायला लागलं, पत्ता आधीच वापरात आहे. 'एसएस -एलटीएनपी' दिलं तर लिनक्समध्ये ५४३२ वर कुणीच नाही. भूत विंडोजच्या बाजूला होतं. पॉवरशेलमध्ये 'नेटस्टॅट -एएनओ' दिल्यावर प्रोसेसचा नंबर मिळाला.

बारीकसारीक बाकी: 'विच एनपीएम' विचारल्यावर 'प्रोग्राम फाइल्स' असं काही दिसलं तर उबंटूत बसून विंडोजचं नोड चालवताय असं समजा. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ आपल्यामागे जोडून घेतं, डब्ल्यूएसएलकॉन्फमध्ये ते बंद करता येतं. आणि फाइल वॉचर 'डिस्कवर जागा नाही' म्हणाला तर डिस्क साफ करत बसू नका. ती आयनोटिफायच्या, म्हणजे एका वेळी किती फाइलींवर नजर ठेवता येते त्या मर्यादेची तक्रार असते.

खरी डिस्क मात्र भरते. उबंटूचं सगळं सामान 'ईएक्सटी४ डॉट व्हीएचडीएक्स' या एका फाइलीत राहतं. ती फुगते, पण आतलं पुसलं म्हणून आपसूक आक्रसत नाही. आतून 'डीएफ' ३१ जीबी वापरलेली सांगत होतं, बाहेरून फाइल ९४ जीबीची. बरंचसं पाप डॉकरच्या जुन्या इमेजेसचं आणि एका कंटेनरच्या लॉगचं, ज्याला मी कमाल आकार दिलाच नव्हता. आधी आतून डॉकर प्रून (नको असलेल्या इमेजेस पुसायला) आणि 'एफएसट्रिम' (रिकामी जागा रिकामी आहे हे डिस्कला सांगायला), मग शटडाउन, मग डिस्कपार्टमध्ये ती फाइल निवडून 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क'. ३८ वर आली. हे करण्याआधी 'डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट'ने एक प्रत बाहेर काढून ठेवा. आणि कुणी सल्ला दिला की सरळ 'अनरजिस्टर' करून नव्याने टाक, तर लक्षात असू द्या, अनरजिस्टर म्हणजे त्या उबंटूतलं सगळं पुसलं जातं, विचारपूस न करता. सर्व्हरवर न पाठवलेल्या (पुश न केलेल्या) कामासकट.

वेब, एपीआय, डेटाबेस, पायथन असं काम असेल तर बिनधास्त घ्या. मे २०२५ मध्ये डब्ल्यूएसएलचा कोडही खुला झाला, त्यामुळे एखादी अडचण नक्की कुठे आहे ते आता मुळापर्यंत जाऊन वाचता येतं. मला परत साधं उबंटू हवंय का? शनिवारी रात्री हवं असतं, सोमवारी टीम्सची मीटिंग सुरू झाली की नको असतं.

यूएसबीवाल्यांनी मात्र थोडं थांबावं. शेजारच्या टेबलावरचा एक जण ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर काम करतो. बोर्ड जोडला जातो तो विंडोजला, उबंटूला तो 'यूएसबीआयपीडी' वापरून मुद्दाम जोडून द्यावा लागतो, आणि केबल काढून लावली की पुन्हा पहिल्यापासून. त्याचा बोर्ड दिवसातून तीसेक वेळा निघतो. दोन आठवडे त्याने सोसलं, मग सगळा टूलचेन (कोड बांधून बोर्डवर चढवायची साधनं) विंडोजवर उचलून नेला. मी अडवलं नाही. उलट त्याला गिटअॅट्रिब्यूट्सची फाइल तेवढी पाठवून दिली.