कॉलनीचा देशी बगीचा: मियावाकी की वाफे?

आमच्या रहवासी संघाच्या बैठकीत सध्या एकच विषय आहे, देवळामागची 3000 चौरस फूट जागा. तिथे देशी झाडांची नमुना बाग करायची हे ठरलंय. लॉन हवं म्हणणारे दोघेच उरलेत. मे महिन्यात लॉनला रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर 100 चौरस मीटरला 500 लिटर होतात, आणि इंदूरचं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर उपसून आणावं लागतं, हे ऐकल्यावर तेही गुपचूप पोह्यांकडे वळले. खरा वाद आहे तो मियावाकी पद्धतीचं दाट रान करायचं की वाफे पाडून मोकळी बाग, याचा.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची पद्धत अशी: माती खोलवर भुसभुशीत करून खत मिसळायचं, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी करायची, मग हात काढून घ्यायचा. उजेडासाठी चढाओढ करत रोपं भराभर उंच होतात. माळ्याचा पगार वाचतो, फोटोही झकास येतात. रस्त्याकडेच्या किंवा नाल्याकाठच्या, कुणी फिरकत नाही अशा पट्ट्यासाठी मी डोळे झाकून हेच सुचवीन.

पण आपली जागा 279 चौरस मीटर आहे. चौरस मीटरला तीन रोपं धरली तरी 800 च्या वर जातात, आणि तो सगळा खर्च पहिल्याच पावसाळ्यात. शिवाय माळव्याचं रान असं गच्च नसतं. उन्हाळ्यात पानं गाळणारं, मधूनमधून गवताचे पट्टे असलेलं मोकळं रान ते. मुख्य अडचण वेगळीच आहे. दाट रानात तीन वर्षांनी माणूस शिरू शकत नाही. ज्या काकूंच्या दारात दहा बाय दहाचं अंगण आहे, त्यांनी ते बाहेरून बघून काय उचलायचं?

वाफ्यांमधलं मात्र त्यांना तसंच्या तसं घरी नेता येतं: कोरांटी, अडुळसा, धायटी, कोपऱ्यात एखादा आपटा, कुंपणावर गुळवेल. मोठ्या जागेत बहावा आणि पळस. खर्चही दरवर्षी दोन-दोन वाफे असा विभागता येतो. पण माळी कायमचा लागतो, आणि तोही जाणता. आमच्याकडे मारवेल या देशी गवताची ठोंबं लावली, तर माळीदादांनी तण समजून ती उपटली आणि गाजरगवत तसंच ठेवलं! म्हणून पाट्या हव्यातच. रुईच्या पाटीवर तर 'पानांवरच्या पट्टेरी अळ्या फुलपाखरांच्या आहेत, फवारणी नको' असं स्पष्ट लिहा.

काळी माती दोन्ही पद्धतींना छळते. मे महिन्यात भेगेत अख्खं बोट जातं, ऑगस्टमध्ये चप्पल रुतून बसते. मियावाकीसाठी खोल खणलेल्या जागेला निचरा दिला नाही तर पावसाळ्यात तिचं डबकं होतं. वाफा वीतभर उंच केला की काम भागतं. खताचं म्हणाल तर इंदूरकरांनी ते विकत आणणं जरा लाजिरवाणंच. पालापाचोळा आणि शेणाचे थर रचून, अधूनमधून उलथवून तीनेक महिन्यांत खत करायची जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धत' ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच बसवली. 1924 ते 1931 ते इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते.

माझं मत वाफ्यांना आहे. मागच्या भिंतीलगत 50 चौरस मीटर दाट पट्टा करा, 150 रोपांत भागेल. बाकी सगळे वाफे. रोपवाटिकेत देशी झुडपं मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा मागणी मार्चमध्येच नोंदवा आणि लागवड जूनअखेरीस दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. फाटकाजवळच्या वाफ्यात आधी कोरांटी लावा. फांदी मागायला लोक येणारच, त्यांच्यासाठी तिथेच एक कात्री टांगून ठेवा.