डॅप्सोनआधी कोणती तपासणी: जी६पीडी की एचएलए?

कुष्ठरोगाचं निदान होऊन एमडीटीचं (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचं) पाकीट हातात पडलं की कोणीतरी विचारतं, ‘जी६पीडी केली का?’ हल्ली त्यात एचएलए-बी १३:०१ हे दुसरं नावही ऐकू येतं. दोन्ही रक्ताच्याच तपासण्या, दोन्हींचा रोख त्या पाकिटातल्या डॅप्सोनच्या रोजच्या गोळीकडे. पण पहिली तांबड्या पेशींतलं एन्झाइम मोजते, दुसरी प्रतिकारशक्तीची जन्मजात ठेवण पाहते. एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरा धोका टळत नाही.

जी६पीडी कमी असेल तर डॅप्सोनपुढे तांबड्या पेशी तग धरत नाहीत, फुटतात. थोड्याच दिवसांत धाप, पिवळे डोळे, कोऱ्या चहासारखी लघवी. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त दिसतो. बायकांत बरेचदा अर्धवट असतो आणि साध्या चाचणीतून निसटतो. आणखी एक मेख आहे. पेशी फुटल्यावर लगेच तपासलं, तर रक्तात उरलेल्या असतात त्या कोवळ्या, एन्झाइम शाबूत असलेल्या पेशी. रिपोर्ट चक्क ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून ही तपासणी गोळी सुरू होण्याआधीच.

एचएलए-बी १३:०१ असलेल्यांना डॅप्सोनची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. हा धोका उशिरा, बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो: ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, वाढलेले एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स). हा दुवा २०१३ साली चीनमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. खरी गोची अशी, की कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्येही (प्रतिकारशक्तीमुळे अचानक उसळणाऱ्या दाहात) ताप आणि गाठी येतात. पण रिअ‍ॅक्शनमध्ये एमडीटी थांबवायची नसते, इथे मात्र डॅप्सोन तात्काळ बंद आणि पुन्हा कधीच नाही.

माझा कौल जी६पीडीला; प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध घेऊन घरात कोणाला कावीळ झाली असेल, तर नक्कीच. एचएलएसाठी उपचार लांबवू नयेत, पहिले दोन महिने अंगावर लक्ष ठेवावं. दोन्हींपेक्षा स्वस्त आणि मला जास्त कामाचं वाटतं ते हिमोग्लोबिन: एकदा आधी, मग अधूनमधून. जी६पीडी ठीक असलेल्यांचंही ते एक-दोन ग्रॅमने उतरू शकतं. (मधुमेह असेल तर डॅप्सोनवर असताना एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी) फसवं कमी दिसतं, हे साखरेच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.)

डॅप्सोन सोसलंच नाही, तर डॉक्टर ते वगळून रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमाइन या एमडीटीतल्याच औषधांवर उपचार पुढे नेतात. क्लोफाझिमाइनने कातडी काळवंडते, पण गोळ्या संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू उतरतो.