गो बिल्ड टूलचा रिव्ह्यू: फोल्डरचं नाव वाचतं, पण कधी ओरडतं कधी एकदम गप्प

गो या प्रोग्रामिंग लँग्वेजवर रिव्ह्यू खूप असतात, गोरुटीन (एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय) भारी, एरर हँडलिंग बोअर वगैरे, पण रोज ज्याच्याशी गाठ पडते त्या गो कमांडबद्दल (कोड बिल्ड आणि टेस्ट करणारं टूल) कोणी फार बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू, तोही एवढ्यापुरताच की हे टूल फोल्डरच्या नावातून काय अर्थ काढतं.

आधी इंटरनल, कारण माझ्या मते अख्ख्या टूलमधली ही बेस्ट गोष्ट. फोल्डरला इंटरनल नाव दिलं की आतला कोड फक्त त्याच्या पॅरेंट फोल्डरखालच्यांनाच इम्पोर्ट करता येतो, बाकी कोणी केला की बिल्ड फेल. रूटला ठेवलं तर पूर्ण मॉड्यूलला, म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टला चालतं, पेमेंटच्या आत ठेवलं तर फक्त पेमेंटवाल्यांना, ऑर्डरवाल्यांनी हात लावायचा नाही. ना कॉन्फिग, ना "कृपया हे वापरू नये" अशी कोणीही न वाचणारी कॉमेंट. 2015 च्या गो 1.5 पासून हे सगळ्यांच्या प्रोजेक्टला लागू आहे.

व्हेंडर (बाहेरच्या लायब्ररींची कॉपी ठेवायचं फोल्डर) हेही तसंच, 1.5 मध्ये प्रयोग म्हणून आलं, 1.6 पासून डीफॉल्ट. गो डॉट मॉड या मॉड्यूलची माहिती असलेल्या फाइलमध्ये गो 1.14 किंवा पुढचं व्हर्जन असेल तर टूल आपणहून व्हेंडरमधला कोड घेतं, आणि दोन्हींकडची लायब्ररींची यादी जुळत नसेल तर थांबतं आणि कुठली कमांड मारायची तेही सांगतं. इथपर्यंत मी खूश.

वैताग येतो तो अंडरस्कोरमुळे. नावाची सुरुवात अंडरस्कोर किंवा टिंबाने असेल तर तीन टिंबंवाल्या पॅटर्नमध्ये (म्हणजे "इथून खालचं सगळं घे" असं सांगताना) ते फोल्डर धरतच नाहीत. कोणी टेस्टचं फोल्डर तात्पुरतं म्हणून अंडरस्कोर ओल्ड करून ठेवलं की सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवागार, कारण त्या टेस्ट चालल्याच नाहीत, आणि टूल चकार शब्द काढत नाही! टेस्टडेटा (टेस्टसाठीच्या नमुना फाइल्सचं फोल्डर) पण असंच वगळलं जातं, पण तिथे ते सोयीचंच आहे, मुद्दाम मोडकी गो फाइल ठेवली तरी बिल्ड बिघडत नाही.

उलट नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट लायब्ररींचं फोल्डर) मात्र बिनधास्त धुंडाळत बसतं, फ्रंटएंड त्याच रेपोत असेल तर उगाच वेळ. लोक त्यात रिकामी गो डॉट मॉड फाइल टाकून वेगळं मॉड्यूल असल्याचं भासवायचे. 2025 च्या 1.25 मध्ये शेवटी इग्नोर डायरेक्टिव्ह (कुठली फोल्डर वगळायची ते गो डॉट मॉडमध्ये लिहायची सोय) आलं, उशिरा का होईना.

आणि ते पीकेजी फोल्डर, कुठलातरी टेम्प्लेट बघून सगळे बनवतात, टूलला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. सीएमडी (चालवायच्या प्रोग्रामचा कोड ठेवायचं फोल्डर) याचंही तेच, फक्त आतल्या फोल्डरचं नाव बायनरीला, म्हणजे तयार प्रोग्रामला लागतं, सर्व्हर ठेवलं तर सर्व्हर, हे छान आहे.

मेव्हनवाले (जावाचं बिल्ड टूल वापरणारे) म्हणतील आमचं एसआरसी मेन जावा बरं. एवढी उतरंड उतरायचा मला कंटाळा, पण तिथे पॉम या कॉन्फिग फाइलमध्ये पाथ बदलता येतो, इथे इंटरनलचं नाव बदलायची सोय नाही आणि मला ते चालतं.

पाचपैकी चार. एक स्टार त्या गप्प बसण्यासाठी कापला, निदान व्ही फ्लॅग (जास्त माहिती छापायला सांगणारा) दिल्यावर तरी कुठली फोल्डर सोडली ते सांगायला काय जातं. तोपर्यंत सीआयमध्ये गो लिस्टचं (पॅकेजची यादी देणाऱ्या कमांडचं) आउटपुट छापून ठेवा, पॅकेज गायब झालं तर तिथे दिसतं.