कमिशनर, मध्यस्थ, लोकअदालत की लवाद?

दिवाणी दाव्यातलं सगळं काम न्यायाधीश स्वतःच करतात असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे कोर्ट काही भाग दुसऱ्याकडे सोपवू शकतं. "कमिशनर मागू या, की मीडिएशनला जाऊ या?" असं वकिलांनी विचारलं, तर आधी एवढंच विचारून घ्या: ज्याच्याकडे प्रकरण जाणार, त्याला निकाल देता येतो का?

कोर्ट कमिशनरला येत नाही. कलम ७५ आणि आदेश २६ खाली तो नेमला जातो, तो जागेची पाहणी, हिशेबाची तपासणी, आजारी साक्षीदाराची साक्ष, मिळकतीचं वाटप अशा कामांसाठी. बांधाच्या वादात याच्याइतकं उपयोगी काही नाही. कोर्टाच्या आदेशात जेवढं काम लिहिलंय तेवढंच तो करतो, म्हणून अर्ज मोघम ठेवू नका. कोणत्या गटाची मोजणी, कोणत्या खुणेपासून, नकाशावर काय दाखवायचं, सगळं लिहा. तो जागेवर येईल त्या दिवशी हजर राहाच. नोटीस मिळूनही गैरहजर राहिलात तर तुमच्यामागे काम उरकलं जाऊ शकतं. त्याचा अहवाल दाव्यात पुरावा म्हणून वाचला जातो. तो पटला नाही, तर लेखी हरकत घ्या आणि कमिशनरलाच साक्षीला बोलावून प्रश्न विचारण्याची परवानगी मागा. खर्च साधारणपणे मागणाऱ्याला आधी कोर्टात भरावा लागतो. मात्र कब्जा कोणाचा, हे शोधायला कमिशनर मागाल तर बहुतेक वेळा अर्ज फेटाळला जातो. तो पुरावा तुमचा तुम्हीच द्यायचा.

भावाभावांत वाद असेल आणि मोजणीनंतरही एकाच विहिरीचं पाणी घ्यायचं असेल, तर माझा कौल मध्यस्थीला. मध्यस्थ काहीच लादत नाही, तिथलं बोलणं गोपनीय राहतं, जमलं नाही तर दावा होता तिथून पुढे चालतो. वाटपात अज्ञानाचा (म्हणजे अल्पवयीन मुलाचा) हिस्सा असेल तर तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, हे घाईत राहून जातं.

लोकअदालत पैशाच्या सरळ वादांना बरी: अपघात भरपाई, बँकेची थकबाकी. तिथेही तडजोड झाली तरच निवाडा होतो. पण झाला की त्यावर अपील नाही, म्हणून आकडा नीट वाचल्याशिवाय सही करू नका. भरलेली कोर्ट फी परत मिळते, हा खरा फायदा.

लवाद, म्हणजे आर्बिट्रेटर, मात्र निकाल देतो. आधीचा लवादाचा करार नसेल, तर सर्व पक्षकारांच्या संमतीशिवाय कोर्ट दावा तिकडे पाठवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स प्रकरणात हे स्पष्ट केलं. एकदा गेलेला दावा कोर्टात परत येत नाही. निवाड्याविरुद्ध नेहमीचं अपील नाही, फक्त लवाद व समेट कायदा, १९९६ च्या कलम ३४ खाली मोजक्या कारणांवर, तीन महिन्यांत तो रद्द करायला मागता येतो. पुढे फार तर ३० दिवसांची सवलत. शिवाय लवादाची फी पक्षकारांनीच भरायची. बांधकामाच्या बिलांचा, तज्ज्ञ माणसानेच उलगडावा असा वाद असेल तर हा खर्च सोसावा. घरगुती वाटपासाठी मी तरी हा मार्ग सुचवणार नाही.

आणि हे मार्ग एकमेकांना बंद करत नाहीत. आधी कमिशनरकडून नकाशा करून घ्या, मग तो समोर ठेवून मध्यस्थाकडे बसा. हद्द कागदावर आली की भांडणाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो.