‘१०० वॅट, ८ तास’: साइटवर येऊन विकलेले ट्रायपॉड लाईट आणि आमचे गेलेले २२,८०० रुपये

साइटवर गाडी घेऊन येणारा, डिकीतून ट्रायपॉडवाले चार्जिंग लाईट काढून दाखवणारा आणि "मधे एजंट नाही, डायरेक्ट कंपनीचा माल, म्हणून स्वस्त" असं सांगणारा एक माणूस सध्या पिंपरी-चिंचवडच्या मोशी, चिखली, रावेत या पट्ट्यात फिरतोय. माझ्याकडून त्याने २२,८०० रुपये नेले. सहा सेट, सेटला ३,८००. एका सेटमध्ये दोन लाईट, एक स्टँड, दोन्ही लाईट अडकवायची आडवी पट्टी आणि चार्जिंगच्या वायरी. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्याने गंडवलं कसं, ते रंगकाम, पीओपी, फर्निचर, टाईल्सवाल्या सगळ्यांना कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं काम रंगाचं आणि पीओपीचं. नव्या टॉवरमध्ये फ्लॅटचे मीटर बसलेले नसतात, बिल्डरची टेम्पररी लाईन संध्याकाळी बंद होते आणि गिऱ्हाइकाला दसऱ्याला गृहप्रवेश करायचा असतो. म्हणजे रात्री काम आलंच. त्यात पुट्टीचं काम सगळं उजेडावर. समोरून उजेड मारला तर कुठलीही भिंत आरशासारखी दिसते. लाईट भिंतीलगत उभा करून तिरका मारायचा, मग पुट्टी ओढायच्या पत्र्याचे ओरखडे, लाटा, सांधे सावलीने उठून दिसतात. हल्ली गिऱ्हाईकसुद्धा ताबा घेताना मोबाईलची बॅटरी भिंतीला टेकवून बघतं (हे त्यांना कोणी शिकवलं देव जाणे), त्यामुळे आपण आधीच बघितलेलं बरं. एवढ्यासाठी वरखाली होणारा स्टँड आणि वायरीविना चालणारा लाईट लागतो. विकणाऱ्याला आमची ही गरज पाठ होती.

त्याचा डेमो बघण्यासारखा होता. भर दुपारी त्याने बेडरूमच्या खिडक्यांना पुठ्ठे लावायला सांगितले, दार लोटलं आणि लाईट लावला. खोली पांढरीफटक. लाईट आमच्या हेल्परच्या हातात दिला, "वजन बघ." चांगला जड होता, मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळ्या, हाताला गार लागणाऱ्या. स्टँडवर चढवून गदागदा हलवून दाखवला. मग त्यानेच बंद केला. "उगाच बॅटरी कशाला उतरवायची, शेठ!" सगळा खेळ दहाएक मिनिटांत आटोपला. हेल्परने तेवढ्यात स्टेटसला टाकायला फोटो काढला होता, तो पुढे फार कामाला आला.

माल संध्याकाळी आला, सीलबंद खोक्यांत. एक उघडून पेटवून बघितला, झकास पेटला. त्याने क्यूआर पुढे केला, पैसे गेले, गाडी गेली.

रात्री हॉलमध्ये पुट्टीचा दुसरा हात चालू होता. पहिली वीस मिनिटं काही तक्रार नाही. नंतर मिस्त्री म्हणाला, "दादा, डोळ्यांवर झापड आल्यासारखं वाटतंय." झापड कसली, उजेडच बसत चालला होता. इतका सावकाश की बघता बघता लक्षात येऊ नये. पाऊण तासाच्या आत लाईट काजव्यावर आला आणि भिंत अर्धी ओली, अर्धी कोरडी. उरलेले सेट काढले, त्यांचीही तीच कथा. चांगल्या लाईटमध्ये ड्रायव्हर नावाचं सर्किट असतं, ते बॅटरी उतरत गेली तरी एलईडीला ठरलेला करंट देत राहतं. इथे ते नव्हतंच. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, म्हणून सुरुवातीला डोळे दिपतात. व्होल्टेज उतरेल तसा उजेड उतरतो. डेमो दहा मिनिटांत का गुंडाळला, ते इथे कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वायरमनने एक लाईट खोलला. मागच्या पन्हळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नव्हत्या, प्लॅस्टिकवर चंदेरी रंग मारला होता. हेल्परच्या फोटोशी ताडून बघितलं तर डेमोच्या पीसचे स्क्रू वेगळे, पन्हळ्यांची संख्या वेगळी, हँडल वेगळं. आत १८६५० साईजचे चार सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. त्यातले दोन नुसते शोभेचे! मल्टिमीटर लावला तर शून्य, हलवलं तर आत वाळूसारखं खुळखुळतं. कोपऱ्यावरच्या सोनाराकडे काट्यावर ठेवले. अस्सल १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. आमचे चालू असलेले दोन ३० ग्रॅमच्या जवळपास भरले, आणि खुळखुळणारे त्याहून हलके. (सेल कापून बघायच्या फंदात कोणी पडू नका. खरा निघाला तर हातातच पेट घेईल.)

आता खोक्यावर काय छापलं होतं ते बघा. १०० वॅट, २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), बॅकअप ८ तास, ४ तासांत फुल चार्ज. खोकं उघडायच्या आधीच ही थाप पकडता येते. लिथियम सेलचा व्होल्टेज ३.७ धरतात. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-तास. १०० वॅटचा लाईट त्यावर पाऊण तास चालेल. आठ तास चालवायचा तर ८०० वॅट-तास लागतील. म्हणजे त्यांचे आकडे खरे मानले तरी एकमेकांना खोटं पाडतात. शिवाय चार सेलमध्ये २०,००० म्हणजे सेलमागे ५,०००. या साईजच्या नामांकित कंपनीच्या भारी सेलमध्येसुद्धा साधारण ३,५०० बसतात. ‘९,९०० एमएएच’ छापलेला १८६५० सेल कुठे दिसला तर पाकीट खिशातच ठेवा.

आमच्या कामाला भिंतीजवळ २० वॅटचा प्रामाणिक लाईट पुरतो. तो पाच तास चालवायचा म्हणजे १०० वॅट-तास. २,००० एमएएचचा एक सेल ७.४ वॅट-तास देतो, म्हणजे चौदा सेल पाहिजेत. नुसत्या सेलचंच वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या पुढे गेलं. वर बॉडी, काच, पन्हळ्या. हातात घेतल्यावर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीहून हलका लागणारा लाईट पाच तास चालणार नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

चार्जिंगमध्ये फसवणुकीचा वेगळाच मजला होता. पोर्ट टाईप-सी, "मोबाईलच्या फास्ट चार्जरवर लावा" असं सांगितलेलं. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली वायर लावली की लाईट चार्जच होत नाही. कारण पोर्टमागे दोन रेझिस्टर बसवावे लागतात, ते पाहूनच असला चार्जर करंट सोडतो. काही पैशांचे दोन रेझिस्टर, तेही वाचवले. जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरीवर चार्ज होतो, पण मीटर लावला तर ५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. या वेगाने ७४ वॅट-तास भरायला सोळा तासांच्या वर लागतील. आमचे लाईट तीन तासांच्या आत हिरवे झाले. इतक्या बारीक धारेने इतक्या लवकर भरलं, म्हणजे हंडा नव्हे, तांब्याच होता.

यातली खरी भीतीची गोष्ट पुढे. दोन सेटमधल्या लाईटना टाईप-सीऐवजी गोल पिनचं सॉकेट होतं, वायफाय राउटरच्या अ‍ॅडॅप्टरची पिन त्यात चपखल बसते. तो अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा, लाईट ५ व्होल्टचा, आणि सॉकेटवर कुठे काही लिहिलेलं नाही. एका पोराने लावला. चार्जिंगची चिप जळाली, धूर निघाला, आणि लाईट ठेवला होता थिनरच्या डब्यांच्या शेजारी. नशीब, सेलपर्यंत गेलं नाही. तेव्हापासून चार्जिंग थिनर-टचवूडच्या स्टोअरमध्ये करायचं नाही, लाकडी घोड्यावर (उभं राहून काम करायच्या स्टुलावर) करायचं नाही, मोकळ्या फरशीवर आणि कोणीतरी जागं असताना. लाईट स्टँडवर असताना तर नाहीच, कारण लोंबणाऱ्या वायरीत कोणाचा तरी पाय अडकतोच.

स्टँडबद्दल. ट्रायपॉडच्या डोक्यावरचा कॅमेऱ्याचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला २० आटे. मोठा असतो तो ३/८ इंची. लाईटच्या बुडाचं भोक पाव इंचीच होतं, पण स्टँडवरचा बोल्ट निघाला एम-६, सहा मिलिमीटरचा. हे दोन्ही इतके जवळचे की दोन-तीन आटे सहज बसतात, मग अडतं. आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं. भोकात पितळेची बुश (आतून आटे असलेली नळी) नाही, प्लॅस्टिकमध्येच आटे पाडलेले. पहिल्या-दुसऱ्यांदा चढवलं-उतरवलं की आटे गेले. एक लाईट सहा फुटांवरून खाली आला तो नव्या व्हिट्रिफाईड टाईलवर. टाईलचा कोपरा उडाला, तिचे पैसे आमच्याच बिलातून कापले गेले. आमच्या लेथवाल्या काकांनी एका लाईटला पितळेची बुश ठोकून दिली आणि म्हणाले, "अरे, यात बुश सोडली तर धातूच नाही."

स्टँड घेताना त्याचा बोल्ट पाव इंची, २० आट्यांच्या नटात फिरवून बघा. तळापर्यंत मोकळा गेला तर ठीक. लाईटला लोखंडी यू-पट्टी असेल आणि पट्टीतून बोल्ट आरपार जात असेल तर सगळ्यात बरं. फोटोवाल्यांचे लाईटचे स्टँड वर १६ मिलिमीटरची दांडी असलेले येतात, ते कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडपेक्षा आपल्या कामाला कधीही सरस. दोन लाईटची आडवी पट्टी असेल तर पाय पूर्ण फाकवायचे आणि खाली पुट्टीची भरलेली बादली लटकवायची. पीओपीची भुकटी सांडलेल्या टाईलवर रबरी बूट नसलेला स्टँड आपोआप सरकतो.

कागदांचीही तीच तऱ्हा. आम्ही पक्कं बिल मागितलं होतं आणि त्याने दिलंही, छापील, शिक्का मारलेलं. पत्ता भोसरीचा, पण जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे ०७. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली आर-नंबर, म्हणजे त्यांच्या नोंदणीचा नंबर होता. लिथियम सेलना ही नोंदणी सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो नंबर टाकला तर निघाला मोबाईल चार्जरचा, तोही भलत्याच कोणाच्या तरी नावावर. आयात करणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही, माल कोणत्या देशातला ते नाही; पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते कुठल्या फर्मचं नव्हे, एका व्यक्तीचं. हे सगळं तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि विकणारा ती पाच मिनिटं मिळू देत नाही. "खाली गाडी नो-पार्किंगला आहे, शेठ" हे त्याचं पालुपद.

त्याचा फोन आठवडाभर "बदलून देतो" म्हणत होता, मग लागेनासा झाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, पण समोरच्याचा खरा पत्ताच नाही म्हटल्यावर तिथून फार काही हललं नाही. पोलीस ठाण्यात आधी "हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे" असं ऐकवलं. डेमोचा फोटो आणि आलेल्या मालाचा फोटो शेजारी ठेवला, वर रद्द झालेला जीएसटी नंबर दाखवला, तेव्हा अर्ज घेतला. एक दाखवून दुसरं देणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, तोंडी आश्वासनावर उठू नका.

"तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही" असंही कोणी कोणी सांगेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. माझ्यासारखा हातात पत्रा धरणारा छोटा कंत्राटदार त्यात बसू शकतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षं.

सध्या काम भागवतोय ते ड्रिल मशीनच्या बॅटरीवर चालणाऱ्या लाईटवर. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. २० वॅटचा लाईट चार-साडेचार तास काढतो आणि एक बॅटरी चार्जिंगला, एक कामाला असं चालतं. लाईट महाग पडला, पण चार्जर आणि बॅटऱ्या आधीपासून होत्याच.

रावेतच्या एका फर्निचरवाल्या मित्राने परवा फोटो पाठवला. तोच माणूस, तेच खोकं, आता त्यावर २०० वॅट छापलंय. मित्राने घेतलं नाही. तुमच्यापैकी कोणी घेतलं असेल तर खोकं फेकू नका, लाईट दुरुस्त करत बसू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा. एकाच माणसाने फसवलेल्या अनेकांना आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते. आम्ही तिघेजण आत्तापर्यंत जमलोय, अर्ज तयार होतोय.