मारुती मंदिरजवळचं करिअर मार्गदर्शन: वेळ सरांचीच घ्या

लेक कबड्डी खेळते, बारावी सायन्स, आणि खेळातच काहीतरी करायचंय म्हणते. रत्नागिरीतल्या एका मार्गदर्शन केंद्रात तिला घेऊन गेलो. पहिल्या मॅडमची गाडी बीपीएडवरच (शारीरिक शिक्षणाची पदवी) अडली. अहो, नेहमीचं बीपीएड पदवीनंतर दोन वर्षांचं; बारावीच्या पोरीला त्याचं आत्ता काय?

दुसरे सर मात्र जाणकार. पाठकोऱ्या कागदावर तीन रेघा मारल्या: प्रशिक्षक व्हायचं तर पुढे पतियाळाची एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था), खेळाडूंच्या दुखापती बघायच्या तर आधी फिजिओथेरपीची पदवी, दम-ताकद मोजण्याचं शास्त्र आवडत असेल तर व्यायाम शरीरक्रियाशास्त्र. ग्वाल्हेरची १९५७ सालची एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची संस्थासुद्धा त्यांनीच सुचवली. (ग्वाल्हेर ऐकून आजी गारच!)

फी जरा जास्तच. चहा मात्र फुकट, आणि चांगला.