आईच्या ब्रेन एमआरआयसाठी चारदा गेलो, रिपोर्ट मनापासून बघतात

आईला ब्रेस्ट कॅन्सर, त्यातला हर-टू पॉझिटिव्ह (HER2) प्रकार. ट्रीटमेंट होऊन वर्ष होत आलं आणि रोज सकाळी डोकं दुखायला लागलं, मळमळ, आम्ही पित्त पित्त म्हणत पंधरा दिवस घालवले. पेट स्कॅनमध्ये डोक्यात काही आलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले मेंदू मुळातच साखर खूप ओढतो त्यामुळे बारीक गाठी त्यात दिसत नाहीत, काँट्रास्ट एमआरआयच करा, म्हणजे शिरेत औषध टोचून काढतात तो. दुसऱ्या एका सेंटरला साधाच करून दिला, पैसे गेले आणि परत करावा लागला, म्हणून इथे आलो.

इथे फोनवरच क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, कारण गॅडोलिनियमचं, म्हणजे त्या काँट्रास्टचं इंजेक्शन द्यायच्या आधी किडनी बघतात. टेक्निशियन ताईंनी मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना काढायला लावल्या, केमोसाठी कातडीखाली बसवलेल्या पोर्टचं कार्डही तपासलं. आई बंद जागेला घाबरते, तिच्या हातात रबरी फुगा देऊन म्हणाल्या, "काकू, भीती वाटली की दाबा, मी लगेच येते." अर्धा-पाऊण तास ती धडधड सहन करणं सोपं नसतं हो.

तीन गाठी निघाल्या, सगळ्यात मोठी ११ मिमी. रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमकं रेडिएशन) झाली आणि मग दर दोन-अडीच महिन्यांनी स्कॅन. तिसऱ्या वेळी तीच गाठ मोठी दिसली, भोवती सूज, आमचे तर हातपाय गळाले. पण इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी नुसतं 'वाढ' असं लिहून हात झटकले नाहीत, आधीच्या दोन्ही सीडी शेजारी लावून बघितल्या, परफ्युजन, म्हणजे गाठीतला रक्तपुरवठा बघायचा स्कॅन केला, रक्तपुरवठा कमी दिसला म्हणून रेडिएशनमुळे मेलेला भाग असण्याची शक्यता जास्त असं लिहिलं आणि दीड महिन्याने परत बघा म्हणाल्या. आमच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं. चौथ्या स्कॅनला ती ७ मिमीवर आली होती, आई रिपोर्ट हातात घेऊन तिथेच बाकावर रडली.

तक्रार एकच, दहाची वेळ देतात आणि साडेबाराला नंबर लागतो. केमोच्या पेशंटला तेवढं बसवत नाही, त्यांना सकाळी पहिला नंबर द्या ना प्लीज.

कुणी फॉलोअपला जाणार असाल तर शक्यतो मशीन बदलू नका, दरवेळी एकाच पद्धतीने काढलेले फोटो असले तरच एक-दोन मिमीचा फरक खरा की खोटा ते कळतं. आणि फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्याच.